माजी सैनिकांचा मान आणि आठवण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझे वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून पेन्शनीवर आले, तेव्हा मी चौथीत होते. आज मी आमच्या भागातल्या माजी सैनिकांचे आणि वीरपत्नींचे कागद बघते. अर्ज लिहायचे, नावं जुळवायची, कार्यालयात सोबत जायचं, अशी ही कामं. तिथे, लग्नाकार्यात आणि शाळेच्या झेंडावंदनाला लोक मला तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

माजी सैनिक म्हणजे वयस्कर माणूसच ना?

नाही, आणि या समजुतीमुळे बरंच बिघडतं. 2022 ला अग्निवीर योजना येण्याआधी अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा शिपाई म्हणून भरती व्हायचा आणि पेन्शनसाठी लागणारी पंधरा वर्षं भरून, किंवा त्यावर थोडी आणखी काढून, पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. तेव्हा मुलं शाळेत असतात, घराचे हप्ते चालू असतात आणि म्हाताऱ्या आईवडिलांचं दुखणंखुपणं असतं. आपल्या डोळ्यांसमोर मात्र काठी टेकत येणारे आजोबाच असतात. बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा असलेला माणूस बहुतेक वेळा माजी सैनिक असतो. त्याला ‘ए वॉचमन’ म्हणून हाक मारू नका. आमच्याकडे अशा माणसाला सरळ ‘मेजर’ म्हणतात. हुद्दा कोणताही असो, हाक तीच, आणि ती ऐकून त्याची पाठ कशी ताठ होते ते एकदा बघा.

आठवणीचे ठरलेले दिवस कोणते?

26 जुलै हा कारगिल विजय दिवस. 1999 च्या त्या लढाईत आपले 527 जवान गेले. 7 डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन, तो 1949 पासून पाळला जातो. 16 डिसेंबर हा 1971 चा विजय दिवस. 15 जानेवारीला सेना दिन असतो.

त्याच्या आदल्या दिवशी, 14 जानेवारीला, माजी सैनिक दिन असतो. फील्ड मार्शल करिअप्पा 1953 साली याच तारखेला सेवानिवृत्त झाले. हा दिवस आपल्याकडे फारसा कुणाला माहीत नाही, आणि त्याचं कारण सरळ आहे: बहुतेक वर्षी त्या दिवशी संक्रांत असते. खरं तर याहून सोयीचा दिवस नाही. तिळगूळ वाटायला घराबाहेर पडताच की. पहिला तिळगूळ गल्लीतल्या माजी सैनिकाच्या घरी द्या आणि ‘आज तुमचा दिवस, म्हणून आधी तुमच्याकडे आलो’ एवढं सांगा. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, असं पहिल्यांदा कुणी सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी आईला मात्र दोनदा सांगत होते.

आमच्या चावडीवर संगमरवरी शिळा आहे. ती कशाची?

बहुधा पहिल्या महायुद्धाची. युद्धानंतर इंग्रज सरकारने ज्या गावांनी माणसं दिली तिथे अशा शिळा बसवल्या. मजकूर सगळीकडे साधारण एकसारखा: या गावातून इतकी माणसं 1914-1919 च्या महायुद्धात गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाने त्या युद्धात 46 माणसं गमावली. आज त्या गावाचं नावच अपशिंगे मिलिटरी असं लिहितात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या सैनिक टाकळीचंही तसंच.

पण शिळा नीट वाचा. तिच्यावर आकडा असतो, नावं नसतात.

ही माणसं गेली कुठे? पुष्कळ जण मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी तिथल्या कुत शहरात तुर्की फौजेच्या वेढ्यात अडकल्या होत्या. डिसेंबर 1915 पासून जवळजवळ पाच महिने. अन्न संपत गेलं, घोडे कापून खायची वेळ आली, आणि आपल्यातल्या अनेकांनी ते मांस कितीतरी दिवस तोंडात घेतलं नाही. 29 एप्रिल 1916 ला शरणागती झाली आणि उरलेले कैदेत गेले. त्या मोहिमेत मेलेल्यांसाठी बसऱ्याला स्मारक उभं राहिलं. त्यावर गोऱ्या सैनिकांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली, पण साध्या हिंदी शिपायांचा पलटणीच्या नावापुढे नुसता आकडा टाकला. युद्धात गेलेल्यांची थडगी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने 2021 साली स्वतःच्या अहवालात ही गोष्ट मान्य केली आणि माफी मागितली.

म्हणजे गावातल्या शिळेवरही आकडा आणि बसऱ्यालाही आकडाच. हे वाचल्यापासून मी कोणत्याही गावात गेले की शिळेपाशी थांबते आणि आधी नावं विचारते.

आमचे पणजोबा पलटणीत होते एवढंच माहीत आहे. शोध कुठून सुरू करायचा?

घरातल्या माळ्यावरून. काळी पत्र्याची ट्रंक शोधा. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव लिहिलेलं असतं. तो नंबर म्हणजे तुमची किल्ली. एकाच पलटणीत एकाच नावाची अनेक माणसं असू शकतात, नंबर मात्र प्रत्येकाचा वेगळा. ट्रंकेत डिस्चार्ज बुक, पेन्शनचा कागद, जुना ग्रुप फोटो असं काहीही सापडू शकतं. फोटोच्या मागची बाजू बघायला विसरू नका.

मग पदकं. पदक हातात घ्या आणि उजेडात त्याची कडा बघा. पहिल्या महायुद्धातल्या पदकांवर आणि स्वातंत्र्यानंतरच्या भारतीय पदकांवर कडेला बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण असते. एका घरी देवघरात पदक होतं. दर दिवाळीला देवाच्या चांदीच्या भांड्यांबरोबर तेही रांगोळीने घासलं जायचं. किती श्रद्धेने! मी बघितलं तेव्हा कडेवर शेवटची तीन अक्षरं शिल्लक होती. म्हणून कळकळीने सांगते, पदक घासू नका. चिंच नको, रांगोळी नको, पावडर नको. काळं पडलं तर पडू द्या. मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवा आणि कडेवरचा मजकूर आजच वहीत उतरवून घ्या.

माणूस पहिल्या किंवा दुसऱ्या महायुद्धात गेला असेल, तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची नोंदवही इंटरनेटवर फुकट बघता येते. नाव इंग्रजीत तीन-चार प्रकारे लिहून शोधा, कारण तेव्हाच्या कारकुनांनी आपली नावं ऐकू आली तशी लिहिली आहेत. स्वातंत्र्यानंतरची सेवा असेल तर पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला. नंबर दिला तर उत्तराची आशा जास्त असते.

महाराष्ट्रातल्या कुणाला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता का?

हो. ब्रिटिशांचं हे सर्वोच्च शौर्यपदक दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणींतल्या दोघांना मिळालं, आणि दोन्ही लढाया इटलीतल्या.

नाईक यशवंत घाडगे हे रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, पलटण 3/5 मराठा, म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी पलटण. 10 जुलै 1944 ला वरच्या टायबर नदीच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगन चालली आणि ते सोडून सगळे जखमी झाले किंवा पडले. घाडगे एकटे त्या मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेले. हातबॉम्बने गन बंद पाडली, टॉमीगनने एकाला मारलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून दस्त्याने उरलेल्या दोघांना लोळवलं. तेवढ्यात लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. वय 22. त्यांचं थडगं कुठे नाही, नाव इटलीतल्या कॅसिनोच्या स्मारकावर आहे. माणगावात त्यांचा पुतळा आहे, आणि 2023 च्या जुलैत इटलीतल्या मोंतोने गावाने त्यांच्या नावाचं सूर्यघड्याळाचं स्मारक उभं केलं.

शिपाई नामदेव जाधव हे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या निमजचे. 9 एप्रिल 1945 ला सेनिओ नदीवर ते कंपनीचे निरोपे होते. दोन जखमी साथीदारांना खोल पाण्यातून, उभ्या चढावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून त्यांनी बाहेर काढलं. मग परत फिरून एकट्याने मशीनगनची तीन ठाणी गप्प केली. हाताला गोळी लागल्यावर टॉमीगन चालेना, तेव्हा हातबॉम्ब फेकले. शेवटी काठावर चढून मराठ्यांची युद्धगर्जना देत मागच्यांना हात करून बोलावलं. जाधव युद्धातून परतले आणि 1984 पर्यंत होते. म्हणजे ज्यांना त्यांच्याकडून सगळं ऐकता आलं असतं, अशी कितीतरी माणसं आजही आपल्यात आहेत. ती ऐकायला गेली का, हा माझा प्रश्न आहे.

घाडग्यांच्या 3/5 मराठाचं पुढे काय झालं, हेही सांगते. ती पलटण हवाई छत्रीदलात गेली आणि 2 पॅरा (मराठा) झाली. हीच पलटण 11 डिसेंबर 1971 ला आजच्या बांगलादेशातल्या टांगाईलला छत्रीने उतरली आणि ढाक्यात शिरणाऱ्या पहिल्या तुकड्यांत होती.

‘शहीद’ म्हणावं की ‘हुतात्मा’?

सैन्याच्या कागदपत्रांत यांपैकी कोणताच शब्द नाही. तिथे लढाईतली जीवितहानी अशा अर्थाचा कोरडा शब्द असतो, आणि ‘मार्टर’ हा शब्द सेनादलांत अधिकृतपणे वापरत नाहीत हे सरकारने संसदेतही सांगितलं आहे. मराठीत ‘वीरमरण आलं’ हा प्रयोग मला सर्वांत सरळ वाटतो. पण वीरमाता ‘माझा लेक शहीद झाला’ म्हणत असेल, तर तिचा शब्द सुधारायला कुणी जाऊ नये. एका सभेत मी हे घडताना पाहिलं आहे.

सत्कार कसा करावा?

शाल, श्रीफळ, फेटा हे सगळं चांगलंच आहे, करा. फक्त तीन गोष्टी सांभाळा.

पहिली, बोलावणं घरी जाऊन द्या. चिठ्ठीवर पूर्ण नाव, हुद्दा आणि पलटण लिहा. सूत्रसंचालकाने ‘आणि आपल्या गावातले काही माजी सैनिक’ असं म्हणू नये. एकेकाचं नाव घ्यावं.

दुसरी, वेळ पाळा. नऊचा कार्यक्रम म्हटला की ही माणसं पावणेनऊला इस्त्रीच्या कपड्यांत, पदकं लावून हजर असतात. पाहुणे साडेदहाला येतात. दीड तास उन्हात खुर्चीवर बसलेल्या ऐंशी वर्षांच्या सुभेदारांना मी पाहिलं आहे. त्यांनी तक्रार केली नाही, पण पुढच्या वर्षी ते आले नाहीत.

तिसरी, दोन मिनिटं त्यांना बोलू द्या. भाषण येत नाही असं ते म्हणतील. मग नंबर, नाव, पलटण आणि कुठल्या कुठल्या ठिकाणी होते, एवढंच सांगा म्हणावं. ते ऐकताना पोरं गप्प होतात.

त्यांना काय विचारावं, काय विचारू नये?

‘किती माणसं मारली?’ हे कधीच विचारू नका. मुलं विचारतात, त्यांना आधीच समजावून ठेवा. ‘भीती वाटली का?’ हेही चारचौघांत नको.

पहिली पोस्टिंग कुठे होती, लंगरात काय मिळायचं, घरचं पत्र किती दिवसांनी यायचं, जोडीदार कुठल्या गावचा होता, असे साधे प्रश्न विचारा. आबा लढाईबद्दल कधी बोलत नसत. एकदा माझ्या मुलीने विचारलं, ‘आबा, तिकडे प्राणी होते का?’ आणि आबा तासभर एका खेचराबद्दल बोलले. रसद वाहून न्यायचं. बर्फाने वाट बुजली तरी ते पाय बरोबर टाकायचं. तासाच्या शेवटी कळलं की त्या खेचराची दोरी ज्याच्या हातात असायची, तो माणूस एका हिवाळ्यात खाली आला नाही. त्याचं नाव, नंबर आणि गाव आबांना तोंडपाठ होतं. मी ते लिहून घेतलं.

लिहून घ्या किंवा फोनवर रेकॉर्ड करा, त्यांना विचारून. गप्प बसले तर बसू द्या, चहा प्या आणि पुन्हा कधीतरी जा.

माजी सैनिकाचं घरी निधन झालं तर तिरंगा पांघरायचा का?

याबाबत गैरसमज फार आहे, आणि तो प्रेमापोटी आहे. ध्वजसंहितेप्रमाणे शवपेटीवर किंवा तिरडीवर राष्ट्रध्वज फक्त शासकीय, लष्करी किंवा केंद्रीय निमलष्करी दलांच्या इतमामातल्या अंत्यविधीलाच पांघरता येतो. तेव्हाही केशरी पट्टा डोक्याकडे असतो, आणि ध्वज चितेवर जात नाही की दफनात ठेवला जात नाही. घरच्यांनी आपल्या मनाने तिरंगा घालणं नियमात बसत नाही.

म्हणून बातमी कळली की लगेच जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला आणि जवळच्या लष्करी स्टेशनला फोन करा. काय करता येईल ते तेच सांगतील. गावच्या माजी सैनिक संघटनेला कळवा. साथीदार पदकं लावून आले, रांगेत उभे राहून त्यांनी सॅल्यूट केला, की त्यातच सगळं आलं.

हुद्दा कसा लिहायचा?

‘निवृत्त कर्नल अमुक’ असं नाही, तर ‘कर्नल अमुक (निवृत्त)’. माणूस निवृत्त होतो, हुद्दा होत नाही. सुभेदाराला मानद लेफ्टनंट किंवा मानद कॅप्टन हा मान मिळाला असेल तर तो पत्रिकेत आवर्जून लिहा.

पदकं कुणी लावावीत?

ज्याची त्याने, डाव्या छातीवर. दिवंगत सैनिकाची पदकं जवळच्या वारसाने स्मारकावरच्या श्रद्धांजलीच्या वेळी उजव्या बाजूला लावायची रीत आहे. नाटकात किंवा वेशभूषा स्पर्धेत मुलाला आजोबांची खरी पदकं लावू नका.

वीरपत्नींसाठी आपण खरोखर काय करू शकतो?

कागद करू शकतो. हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे थोडं सविस्तर सांगते.

आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत होती. फौजेच्या रेकॉर्डला लग्नाची नोंद पार्ट टू ऑर्डरने, म्हणजे पलटणीच्या लेखी आदेशाने होते. तिथे कधी माहेरचं नाव गेलं, कधी सासरचं. पुढे आधार कार्डावर एक, बँकेत दुसरं आणि रेशनकार्डावर तिसरंच. नवरा असेपर्यंत काही अडत नाही. तो गेला की कुटुंब निवृत्तिवेतनासाठी कागद पुढे येतात, आणि तेव्हा ती बाई स्वतःच्याच नवऱ्याची बायको असल्याचं सिद्ध करत फिरते. एका आजींना त्यासाठी चौदा महिने लागले. खिडकीवर दर वेळी नवा कागद मागायचे. आजी म्हणायच्या, ‘पन्नास वर्षं संसार केला, ते कुठल्या कागदावर दाखवू?’

म्हणून नवरा हयात असतानाच हे करून घ्या: पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), डिस्चार्ज बुक, आधार, बँक पासबुक चारही समोर ठेवा आणि बायकोचं नाव, जन्मतारीख, मुलांची नावं अक्षर न् अक्षर जुळवा. चूक दिसली तर रेकॉर्ड ऑफिसकडे दुरुस्तीचा अर्ज आजच टाका. पेन्शन आता ‘स्पर्श’ प्रणालीवर आली आहे. तिथला पासवर्ड आणि मोबाइल नंबर बायकोलाही माहीत असू द्या. दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. ज्यांना बोटांचे ठसे उमटत नाहीत किंवा फोन जमत नाही अशा आज्यांना गावातल्या कॉलेजच्या पोरांनी गाडीवरून केंद्रावर न्यावं. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड झालं आहे का ते विचारा. राज्यात माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांसाठी 2020 पासून घरपट्टी माफीची योजना आहे. ग्रामसेवकाकडे चौकशी करा.

हे काम दिसत नाही आणि त्याचा फोटोही निघत नाही. पण मला विचाराल तर दहा सत्कारांपेक्षा एक जुळलेलं नाव मोठं.

पैशांची मदत कुठे द्यावी?

ध्वजदिन निधीला, जिल्हाधिकारी कार्यालयाशी जोडलेल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून. पावती घ्या. दारावर ‘सैनिकांसाठी’ म्हणून वर्गणी मागणाऱ्याकडे पावती आणि ओळखपत्र दोन्ही मागा, त्यात संकोच नको.

जखमी होऊन परतलेल्यांचं काय?

त्यांना आपण सर्वांत लवकर विसरतो. सांगलीजवळच्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. 1972 साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक जिंकलं. भारताचं ते पहिलं वैयक्तिक सुवर्ण. पद्मश्री मिळाली 2018 साली. मधली शेहेचाळीस वर्षं तुम्हीच मोजा.

पुण्यात यासाठी जुन्या आणि मोठ्या संस्था आहेत. 1944 पासून चालणारं कृत्रिम अवयव केंद्र तिथे आहे. खडकीला मणक्याला इजा झालेल्या सैनिकांचं पुनर्वसन केंद्र आणि अपंग सैनिकांना काम शिकवणारी, 1917 ची परंपरा असलेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे. भेटीला जायचं असेल तर आधी परवानगी घ्या.

नौदल आणि हवाई दलाच्या लोकांना आम्ही विसरतो का?

गावाकडे हो, कारण आपल्याकडे भरती म्हणजे पलटण. 9 डिसेंबर 1971 ला खुकरी ही युद्धनौका बुडाली, तिच्यावरचे 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. त्यांना चिता नाही की माती नाही. दीवला त्यांचं स्मारक आहे. 4 डिसेंबरच्या नौदल दिनाला कोकणातल्या शाळांनी तरी ही गोष्ट मुलांना सांगावी.

आमच्या गावच्या शिळेवर आकडा आहे. नावं सापडली, तर ती कुठे आणि कशी लावावीत?

जुनी शिळा हलवू नका, तिच्यावर रंग देऊ नका. शेजारी वेगळी पाटी लावा. ग्रामसभेत ठराव करा म्हणजे पुढे कुणी ती काढणार नाही. एकेका ओळीत नंबर, हुद्दा, पूर्ण नाव, पलटण, तारीख आणि ठिकाण. जे माहीत नाही त्यासाठी जागा मोकळी सोडा, अंदाजाने भरू नका. खाली रिकाम्या ओळी ठेवा, कारण आणखी नावं सापडतात.

आणि कोरण्याआधी मजकूर कागदावर लिहून घरच्यांना दाखवा. शेजारच्या गावात पाटीवर एका जवानाच्या नावातली वेलांटी चुकली होती. त्याचा धाकटा भाऊ दर 26 जुलैला सकाळी लवकर जाऊन खडूने ती नीट करायचा, आणि पावसाने दुपारपर्यंत ती धुऊन जायची. पाच-सहा वर्षांनी सरपंचांच्या लक्षात आलं. पाटी नवीन केली तेव्हा कोरण्याआधी संगमरवरावर ती अक्षरं पेन्सिलीने भावानेच काढून दिली.